थंडीतल्या लांब संध्याकाळी: एक काम गॅसवर, एक हातात

थंडी वाढली, बाहेर पडणं कमी झालं की घरातले पहिले दोन दिवस मजेत जातात. पांघरूण, चहा, राहिलेलं वाचन. तिसऱ्या दिवसापासून हात शिवशिवायला लागतात. मग आपण उत्साहाने एखादं मोठं काम काढतो, म्हणजे अख्खा स्वेटर विणायचा किंवा सगळं कपाट लावायचं, आणि चार दिवसांत ते अर्धवट पडतं. थंडीचे बरेच मोसम असे गेल्यावर मी एक पद्धत धरली आणि ती अजून सोडलेली नाही. रोज दोन कामांची जोडी लावायची. एक स्वयंपाकघरातलं, ज्यात आपल्याला करायचं थोडं आणि थांबायचं जास्त असतं. दुसरं हातातलं, जे कधीही खाली ठेवता येतं आणि कधीही उचलता येतं. पीठ फुगत असताना विणकाम, सूप रटरटत असताना रफू. थांबण्याचा वेळ वाया जात नाही आणि हातातल्या कामाचा कंटाळा यायच्या आत गॅसकडे उठावं लागतं.

खाली एका पूर्ण दिवसाची जोडी सविस्तर दिली आहे: पाव, कडधान्याचं सूप, मफलर आणि रफू. शेवटी मुलांबरोबर करायची दोन-तीन कामं आणि संत्र्याच्या साली.

सुरुवात आदल्या रात्री

नऊच्या सुमारास दोन भांडी काढा. एकात पावाचं पीठ, दुसऱ्यात कडधान्य.

पावासाठी 300 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम गव्हाचं पीठ, 8 ग्रॅम मीठ (चहाचा सपाट दीड चमचा), 1 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट (पाव चमचा) आणि 310 मिली पाणी घ्या. यीस्ट एवढंच का, असं वाटेल. पण आपल्याकडे रात्रभराचा वेळ आहे, आणि यीस्ट जितकं कमी आणि वेळ जितका जास्त तितकी पावाची चव खोल होते. कोरडं सगळं आधी हाताने एकत्र करा, मग पाणी घाला आणि लाकडी चमच्याने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत ढवळा. दोन मिनिटांचं काम. मळायचं नाही. पीठ ओबडधोबड आणि चिकट दिसेल, ते तसंच हवं. एवढं पाणी आणि एवढा वेळ मिळाला की पिठातलं ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, आपलं आपणच जाळं बांधतं, मळून जे साधतो तेच.

पाणी कोमट घ्या. बोट बुडवल्यावर ना गार लागलं पाहिजे ना गरम. यीस्टला 25 ते 35 अंश सेल्सिअस मानवतं. गारव्यात ते मरत नाही, नुसतं मंदावतं, पण 60 अंशांच्या आसपास मात्र मरतं. थंडीत हात गारठलेले असतात म्हणून आपण नकळत फार गरम पाणी घेतो आणि पीठ जागचं हलत नाही. भांडं झाकून ठेवा आणि झोपायला जा.

दुसऱ्या भांड्यात 250 ग्रॅम राजमा किंवा दुसरं कुठलंही मोठं कडधान्य तिप्पट पाण्यात भिजवा. त्या पाण्यात लिटरमागे 10 ते 15 ग्रॅम मीठ घाला. मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात मिठाच्या पाण्यात भिजलेल्या दाण्याची साल जास्त मऊ होते आणि शिजताना फुटतही नाही.

सकाळ: राजमा, आणि इथे घाई नको

सकाळी भिजवणीचं पाणी ओतून द्या, दाणे धुवा आणि ताज्या पाण्यात टाका. आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. हे प्रथिन मोडायला खळखळती उकळी लागते, नुसती मंद ऊब पुरत नाही. म्हणून पाण्याला खळखळून उकळी आली की किमान 10 मिनिटं मोठ्या आचेवर ठेवा. मी घड्याळ लावून अर्धा तास ठेवते. विजेच्या स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या भांड्यात, कच्चा राजमा थेट कधीही टाकू नका. त्यात तापमान पुरेसं चढत नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी 100 अंशांच्या वर जातं, त्यामुळे तिथे ही काळजी राहत नाही.

उकळीचा वेळ संपला की आच अगदी बारीक करा. मोठा चिरलेला कांदा, दोन गाजरं, लसणाच्या चार पाकळ्या आणि एक तमालपत्र घाला, झाकण थोडं तिरकं ठेवा. आता एक ते दीड तास तुम्हाला काही काम नाही. टोमॅटो किंवा लिंबू मात्र दाणा दोन बोटांत चेपला जायला लागल्यावरच घाला. आंबट पदार्थ आधी पडले की दाणा कडकच राहतो, मग कितीही शिजवा. शेवटी दोन डाव दाणे बाहेर काढून चेचा आणि परत घाला. सूप आपोआप दाट होतं, दुसरं काही लागत नाही.

गॅस तासन्‌तास चालू असतो तेव्हा खिडकी बोटभर उघडी ठेवा, गारवा आत आला तरी चालेल. आणि खोली गरम करायला शेगडी किंवा कोळसे कधीही आत आणू नका. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.

तो दीड तास: मफलर सुरू करा

कधीच न विणलेल्या माणसाने सुरुवात मफलरनेच करावी. त्यात घटवाढ नाही, माप चुकायची भीती नाही, आणि दहा बोटं झाला तरी तो मफलरसारखाच दिसतो. 5 मिलिमीटर जाडीच्या सुया आणि मध्यम जाडीची, हलक्या रंगाची लोकर घ्या, साधारण 200 ग्रॅम. रंगाचं मुद्दाम सांगते. थंडीत लवकर अंधारून येतं आणि दिव्याच्या उजेडात काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीचे टाके दिसतच नाहीत. गडद लोकर विणायचीच असेल तर ती दुपारी खिडकीपाशी.

लोकरीच्या टोकाशी एक सैल सरकगाठ मारून सुईवर चढवा. मग लोकर अंगठ्याभोवती एकदा फिरवून फास करा, त्या फासात सुई खालून घाला आणि अंगठा काढून घ्या. एक टाका झाला. असे एकूण 36 टाके घाला, म्हणजे मफलर साधारण 20 सेंटिमीटर रुंद होईल. टाके सुईवर सहज सरकले पाहिजेत. नवशिके घाबरून फास आवळतात आणि पहिली ओळ विणताना सुई आत शिरतच नाही.

आता विण. टाक्यांची सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या. लोकर कामाच्या मागच्या बाजूला. उजव्या सुईचं टोक डावीकडच्या पहिल्या टाक्यात पुढून मागे घाला. लोकर त्या टोकाभोवती खालून वर एकदा फिरवा. टोक लोकरीसकट टाक्यातून पुढे ओढा. जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. घाला, गुंडाळा, ओढा, सोडा. सुरुवातीला हे चार शब्द तोंडाने म्हणायचे, दोन ओळींनंतर हातच म्हणायला लागतात. ओळ संपली की सुया अदलाबदल करा आणि परत तेच. या टाक्याला सुलट म्हणतात. सगळ्याच ओळी सुलट विणल्या की दोन्ही बाजूंना सारखे आडवे उंचवटे येतात आणि कडा गुंडाळत नाहीत. उलट टाका शिकायची आत्ता गरज नाही.

माझा पहिला मफलर हातभर झाला तेव्हा 36 चे 47 टाके झाले होते. एका बाजूने तो पंख्यासारखा पसरत गेला आणि मला कारणच कळेना. कारण साधं होतं. ओळ सुरू करताना लोकर सुईच्या वरून मागे ओढली गेली की पहिला टाका ताणला जातो, त्याचे दोन पाय सुईवर येतात आणि आपण त्यांना दोन टाके समजून विणतो. म्हणून ओळ सुरू करण्याआधी लोकर खालच्या बाजूने मागे घ्यायची, आणि दर चार ओळींनी टाके मोजायचे. मोजणं कंटाळवाणं आहे, पण हातभर उसवणं त्याहून कंटाळवाणं.

टाका गळला तर सुई लगेच खाली ठेवा आणि काही ओढू नका. गळलेल्या टाक्यात क्रोशाची सुई घाला, वरची आडवी लोकर त्यातून ओढून घ्या आणि टाका परत सुईवर चढवा. एकच ओळ खाली गेला असेल तर मिनिटभराचं काम आहे. बोटं गारठली असतील तर विणू नका, टाके घट्ट पडतात. गरम कप दोन्ही हातांत धरून बसा आणि मग सुरू करा. दर अर्ध्या तासाने उठायचंच. इथे सूप ढवळायला जावं लागतं, ते बरंच आहे.

दुपार: पिठाकडे

पिठाचं घड्याळ वेगळं असतं. खोली 20 ते 22 अंशांवर असेल तर 12 ते 18 तासांत ते तयार होतं, 15 अंशांवर चोवीस तासही लागू शकतात. म्हणून वेळ बघू नका, पीठ बघा. दुपटीहून जास्त झालेलं असावं, वर बारीक बुडबुडे यावेत, भांडं हलवल्यावर सगळं एकत्र डुलावं आणि वास किंचित आंबूस, आल्हाददायक असावा. खोली फारच गार असेल तर भांडं बंद ओव्हनमध्ये, आतला फक्त दिवा लावून ठेवा. तेवढी ऊब पुरते.

ओट्यावर भरपूर पीठ भुरभुरा आणि गोळा त्यावर ओता. ओले हात लावा, सुके हात चिकटतात. चारी बाजू एकेक करून मधे दुमडा, पाकिटासारख्या. गोळा उलटा करा, जोड खाली गेला पाहिजे, आणि बेकिंगच्या कागदावर ठेवून वरून कापड झाका. एक ते दीड तासाने बोटाने हलकेच दाबून बघा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा, हळूहळू अर्धाच भरला तर पीठ तयार, भरलाच नाही तर उशीर झालाय, लगेच भाजायला घ्या.

पीठ तयार व्हायच्या अर्धा तास आधी ओव्हन 230 अंशांवर लावा आणि झाकणाचं जाड, ओव्हनमध्ये चालणारं भांडं आतच तापवा. कागद किती तापमान सोसतो ते त्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ते आधी बघून घ्या. गोळा कागदासकट तापलेल्या भांड्यात उतरवा, झाकण लावा. 30 मिनिटं झाकून, मग 15 मिनिटं उघडं. झाकणात कोंडलेली वाफ वरचा थर सुरुवातीला ओला ठेवते, त्यामुळे पाव मोकळेपणी फुगतो आणि मगच कडक, चकचकीत होतो. झाकण काढताना तोंड लांब ठेवा. पावाच्या बुडावर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झालं.

मग जाळीवर ठेवायचा आणि तासभर कापायचा नाही. आतलं स्टार्च निवता निवता घट्ट होतं, गरम कापलेला पाव आत गिचका लागतो. जाळीवर ठेवलेला पाव बारीक तडतडतो. कवच आकसत असताना येणारा तो आवाज ऐकायला घरातल्यांना मुद्दाम बोलवा.

ओव्हन नसेल तर त्याच पिठाचे सहा भाग करा, दोन सेंटिमीटर जाड थापा, चाळीस मिनिटं झाकून ठेवा आणि जाड बुडाच्या पॅनमध्ये अगदी मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी आठ-दहा मिनिटं भाजा. कवच तसं येत नाही, चव मात्र तीच.

पीठ दुसऱ्यांदा फुगताना: मोज्याचं रफू

या तासाला रफू चपखल बसतं, कारण एक मोजा साधारण तेवढ्याच वेळात होतो. आपण भोक पडलेले लोकरीचे मोजे सहज टाकून देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एरवी तो मोजा चांगला चार-पाच वर्षं चालला असता.

मोज्याच्या जाडीची लोकर आणि बोथट टोकाची मोठी सुई घ्या. मोज्याच्या आत टेनिसचा चेंडू घाला, म्हणजे भोक ताणलं न जाता नीट पसरून दिसतं. भोकाच्या कडेपासून एक सेंटिमीटर बाहेर, धड कापडात, चारी बाजूंनी बारीक धावदोरा घाला. गाठ मारायची नाही, ती टाचेला टोचते. नुसती चार बोटं लोकर मोकळी सोडा. आता उभे धागे: भोकाच्या या बाजूच्या धड कापडातून त्या बाजूच्या धड कापडापर्यंत, एकाशेजारी एक. प्रत्येक धागा वळतो तिथे तिळाएवढा फास मोकळा सोडा, कारण पहिल्या धुण्यात लोकर आकसते आणि ताणून बसवलेलं रफू मोज्याला चुण्या पाडतं. उभे धागे पुरे झाले की आडवे: एकाच्या वरून, एकाच्या खालून, पुढच्या ओळीत नेमकं उलट. दर ओळ सुईच्या टोकाने शेजारच्या ओळीला भिडवा. शेवटी मोकळी टोकं आतल्या बाजूने कापडात फिरवून कापा. रंग जुळवायची सक्ती नाही. राखाडी मोज्यावर लाल रफू मला जास्त आवडतं, काम केल्याचं दिसतं तरी.

मुलं घरात असतील तर

मुलांच्या हातात कागद आणि कात्री द्या आणि बर्फाचे स्फटिक कापा. बहुतेक जण आठ पाकळ्यांचा स्फटिक कापतात, पण खरा सहाच बाजूंचा असतो. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी रचनेत जुळतात, म्हणून. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 1885 साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमकणाचा फोटो काढला आणि आयुष्यभरात असे 5000 हून अधिक फोटो काढले. मुलांना हे सांगितलं की सहा पाकळ्यांचा आग्रह तीच धरतात.

चौकोनी कागद कर्णावर दुमडून त्रिकोण करा. त्याच्या लांब बाजूचा मध्य खुणावा. त्या मध्यापासून त्रिकोणाचे तीन सारखे भाग होतील असे दोन्ही कोपरे एकावर एक दुमडा. मग ती पाचर आणखी एकदा मधोमध दुमडा आणि वरची असमान टोकं सरळ कापून टाका. आता कागद बारा पदरी झाला. कडांवर हव्या तशा खाचा कापा आणि उलगडा. पातळ कागदच घ्या, जाड कागदाचे बारा पदर लहान हातांना कापवत नाहीत.

मिठाच्या पिठाची खेळणीही सोपी: दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ, साधारण एक कप पाणी. घट्ट मळायचं, अर्धा सेंटिमीटर जाड लाटायचं, आकार कापायचे, दोऱ्यासाठी भोक पाडायचं आणि 100 अंशांवर दोन-तीन तास वाळवायचं. घरात कुत्रं असेल तर हे त्याच्या तोंडापासून दूर ठेवा, इतकं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

संत्र्याच्या साली

हा पदार्थ दुसऱ्या दिवसासाठी राखा, कारण यात तासाभराने उठून बघण्यासारखं बरंच आहे. जाड सालीची चार संत्री घ्या, साल पांढऱ्या भागासकट काढून बोटाएवढ्या पट्ट्या कापा. गार पाण्यात घालून उकळी आणा, पाच मिनिटांनी पाणी ओता. असं तीनदा करा. एखादी पट्टी चावून बघा, कडवटपणा सुखावण्याइतकाच राहिला पाहिजे. मग पट्ट्यांच्या वजनाइतकी साखर आणि तेवढंच पाणी घालून मंद आचेवर ठेवा. ढवळू नका, साखरेचे खडे बनतात. भांडंच हलवा. पाऊण ते एक तासात पट्ट्या काचेसारख्या आरपार दिसायला लागतात. झाऱ्याने उचलून जाळीवर रात्रभर वाळवा आणि सकाळी साखरेत घोळवा. घट्ट झाकणाच्या बरणीत महिनाभर सहज टिकतात. उरलेला पाक टाकू नका, चहात अप्रतिम लागतो.

मफलर संपवताना

दीडेक मीटर झाला की टाके बंद करा. दोन टाके विणा, पहिला टाका दुसऱ्यावरून उचलून खाली सोडा. आणखी एक विणा, परत तसंच. हात सैल ठेवा, नाहीतर शेवटची कड गोळा होते. शेवटच्या टाक्यातून लोकर ओढून घ्या आणि टोक विणीत लपवा. मग मफलर गार पाण्यात वीस मिनिटं भिजवा. गरम पाणी आणि घासणं दोन्ही टाळा, त्याने लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. पिळू नका. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग सपाट पसरून हाताने कडा सरळ करा. टांगला तर स्वतःच्या वजनाने लांबतो. पूर्ण वाळायला थंडीत दीड-दोन दिवस लागतात. तोवर उरलेल्या लोकरीत दुसऱ्या पायाचा मोजा रफू करून होतो.